जांभळाची बी आणि अम्मीची गोळी

आधी माझी चूक सांगते.

नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना माझ्या प्रकल्पाचा विषय होता जांभळाच्या बियांचा अर्क. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि ग्लुकोज नळीत एकत्र करून ३७ अंशांवर तीन आठवडे ठेवायचं. साखर हळूहळू प्रथिनाला चिकटते आणि विशिष्ट प्रकाशात ते मिश्रण चमकू लागतं. ज्या नळ्यांत अर्क होता, त्यांत चमक बरीच कमी दिसली. घरी येऊन मी आनंदाने सांगितलं, "अम्मी, जांभळाच्या बीने साखर चिकटतच नाही!"

अम्मीला नऊ वर्षांपासून शुगर आहे. तिने इतवारीतून बियांची पूड आणली आणि कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी, रमजानच्या आधी तपासणी केली, तर तिचं एचबीए१सी ७.२ वरून ९.६ वर गेलेलं. डॉक्टरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "माझ्या मुलीनेच तर सांगितलं." मी मान खाली घातली.

त्या जुम्म्याला ती बिर्याणीसाठी कांदा तळत होती. मी म्हटलं, "अम्मी, कांद्याला हा रंग येतो ना, तसंच काहीसं शरीरातही होतं." साखर आणि प्रथिनांच्या घटकांमधली ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली मांडली. कढईत ती मिनिटांत होते, शरीरात महिने-वर्षं लागतात. तिला ग्लायकेशन म्हणतात. साखर चिकटली की प्रथिनाचा आकार बदलतो. एन्झाइमही प्रथिनंच, आकार बिघडला की त्यांचं काम मंदावतं. डोळ्यांचं भिंग, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या यांना त्याची झळ पोहोचते.

मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमधला असा बदल इराणच्या सॅम्युअल रहबार यांनी तेहरानमध्ये १९६८ साली ओळखला. तीच आजची एचबीए१सी तपासणी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. एक दिवस गोड टाळून तो बदलत नाही.

अम्मीने विचारलं, "मग तुझा प्रयोग खोटा?"

"खोटा नाही, अपुरा. नळीत अर्क थेट प्रथिनाला भिडतो. पोटात गेलेली पूड पचते, यकृतात बदलते. रक्तात त्यातलं किती पोहोचतं, हे माझी नळी सांगत नाही."

मग मी तिची गोळी हातात घेतली. मेटफॉर्मिन. तिचं मूळही एका झाडात आहे. युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीत साखर उतरवणारं रसायन सापडलं, पण ते विषारी होतं. त्याच्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि मधुमेहाच्या रुग्णांवर त्याचा वापर फ्रान्समध्ये १९५७ साली प्रसिद्ध झाला. मधे ३५ वर्षं गेली. मी माझ्या तीन आठवड्यांच्या निकालावर अम्मीला सोडून दिलं होतं.

आता गोळ्या नियमित आहेत. रोज्यांत त्या कधी घ्यायच्या, रोजे किती धरायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरलं. परवाचं एचबीए१सी ७.४ आलं, अलहमदुलिल्लाह. पुडीचा डबा फडताळात आहे. डॉक्टरांना तोही दाखवला.

तुमच्या घरातही असा एखादा डबा असेल. तो लपवू नका. आणि त्याच्या भरवशावर गोळी मात्र बंद करू नका.