आधी तिथी, मग तिकीट

परदेशी पाहुण्यांची पहिली ईमेल बहुधा एकाच साच्याची असते. अमुक तारखेला मुंबईत उतरणार, अवंतिका एक्स्प्रेसने उज्जैनला येणार, एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मांडूला निघणार. सोबत कुठल्याशा जुन्या प्रवासपुस्तकातल्या नकाशाचा फोटो. उत्तरात मी त्यांना त्या तारखेची तिथी कळवते. त्यांना गंमत वाटते. पण उज्जैनमध्ये गाईड म्हणून काम करताना माझं मत पक्कं झालं आहे, की या शहरात सध्या पंचांगावर जितका भरवसा ठेवता येतो तितका नकाशावर ठेवता येत नाही.

११ ऑक्टोबर २०२२ला महाकाल लोकचा पहिला टप्पा खुला झाला आणि मंदिराकडे जाण्याची वाटच बदलली. पूर्वी फुलं-प्रसादाच्या दुकानांमधून अंग चोरत जायचो. आता रुद्रसागराच्या काठाने नऊशेहून अधिक मीटर लांबीच्या, खांबांच्या आणि मूर्तींच्या रांगेतून जातो. त्यात २०२८चा सिंहस्थ तोंडावर आलेला. रस्ते रुंद होताहेत, जुन्या घरांच्या दर्शनी भिंती निम्म्या कापलेल्या दिसतात, परवा चालू असलेला रस्ता आज पत्रे ठोकून बंद असतो. म्हणून पाहुण्यांना माझा पहिला सल्ला: फोनवरचा नकाशा रस्ता दाखवेल, तो उघडा आहे की नाही ते ई-रिक्षावाल्याला विचारा. आणि मंदिराच्या दोन किलोमीटर परिसरात सामान हातात घेऊन चालता येईल एवढंच आणा.

महाकाल लोकमधल्या मूर्ती किती जुन्या, हा प्रश्न ठरलेला. मी सरळ सांगते: २०२२च्या. २८ मे २०२३च्या वादळात सप्तर्षींपैकी सहा मूर्ती कोसळल्या, तेव्हा त्या दगडाच्या नसून फायबरच्या होत्या हे सगळ्यांनाच कळलं. मग त्यांना मुख्य मंदिरापाशी आणते. आज दिसतं ते मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलेलं. आणि विस्तारीकरणाच्या खोदकामात २०२०-२१मध्ये त्याच परिसरात परमारकालीन मंदिराचे अवशेष निघाले. सर्वांत नवं सर्वांत पुढे आणि सर्वांत जुनं जमिनीखाली, असा हा क्रम लक्षात आला की पाहुणे घाई कमी करतात.

आता तिथीचं. महाकालाची सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते, एवढं पुस्तकात असतं. पण उत्तरेतला श्रावण पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, म्हणजे आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. इथला भाद्रपद लागला तरी पहिल्या पंधरवड्यात सवाऱ्या चालूच राहतात, कारण तो आपल्याकडचा श्रावण वद्य. शिंदेशाहीने घातलेला हा पायंडा आजही मोडलेला नाही, आणि सर्वांत मोठी, शेवटची सवारी नेमकी त्याच पंधरवड्यात येते. पुण्या-मुंबईचे लोकही इथे चुकतात, तर मेलबर्नच्या माणसाला काय दोष द्यायचा? नागचंद्रेश्वराचं तर आणखी कडक. महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरचं ते देऊळ वर्षातून फक्त नागपंचमीला उघडतं.

दिवाळीनंतर येऊ शकणाऱ्यांना मी वैकुंठ चतुर्दशी सुचवते. त्या रात्री महाकालाची पालखी बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेल्या गोपाळ मंदिरात येते, शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात. गर्दी असते, पण ती बहुतांशी गावचीच. श्रावणातल्या लोंढ्यापेक्षा हे मला कितीतरी जास्त आवडतं.

भस्मआरती प्रत्येकाला हवीच असते. ती पहाटे चारला; नोंदणी आधी करावी लागते आणि परदेशी पाहुण्याला मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. डिसेंबर २०२२पासून मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तेव्हा पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आहे हे सांगून उपयोग नाही. २०२३च्या श्रावणापासून सर्वसामान्यांना गाभाराही बंद आहे. आत नेतो म्हणून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं. भस्म चढवताना बायका तोंडावर पदर घेतात. परदेशी बायकांना मी ओढणी आणायला सांगते आणि तो क्षण आला की खूण करते. वाद घालायची इच्छा असेल तर आरतीनंतर, पोहे-जिलबी खाताना घालू. भस्म चितेचं असतं का, हे दबक्या आवाजात विचारलं जातंच. नसतं. गोवऱ्या आणि ठरावीक झाडांची लाकडं जाळून ते करतात. हे ऐकून काहीजण चक्क हिरमुसतात. त्याच लोकांना चक्रतीर्थावर, जिथे खरोखर चिता जळत असतात, कॅमेरा बाहेर काढू नका असं मात्र दोनदा सांगावं लागतं.

काळभैरवाचा सल्ला गेल्या काही काळात मला बदलावा लागला. देवाच्या ओठांशी दारूची बशी धरतात आणि ती रिकामी होते, हे बघायला जगभरातून लोक येतात. (देवाच्या डोक्यावरची शिंदेशाही पगडी त्यांच्या नजरेत येत नाही, ती मी दाखवते.) पुस्तकं सांगतात, बाटली देवळाबाहेर विकत मिळेल. १ एप्रिल २०२५पासून मध्य प्रदेशातल्या १९ तीर्थक्षेत्रांत दारूविक्री बंद झाली आणि त्यात उज्जैन आहे. नैवेद्याची प्रथा चालू आहे, भाविक बाटली बाहेरून घेऊन येतात. पाहुण्यांनी या भानगडीत न पडता नुसतं बघावं. थंडाई मागवतानाही भांग आहे की नाही हे आधी विचारावं. महाकालाच्या गावात ती असण्याचीच शक्यता अधिक.

क्षिप्रेत स्नान करावं का? इंदूरकडून येणारी कान्ह नदी त्रिवेणीजवळ तिला मिळते आणि शहराची घाण घेऊन येते. २०१४मध्ये नर्मदेचं पाणी उचलून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडायची योजना सुरू झाली. रामघाटावर दिसणाऱ्या पाण्यात नर्मदेचा वाटा असतो, हे ऐकून भाविक सुखावतात आणि अभियंते पंपाच्या विजेचा हिशेब मांडतात. ओंजळभर पाणी डोक्यावर घ्या, तोंडात जाऊ देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

मुक्कामाबद्दल थोडक्यात. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत करणं हॉटेलवर बंधनकारक असतं. छोट्या धर्मशाळा या कटकटीपायी सरळ नाही म्हणतात. तो अपमान समजू नये, आधी फोन करून विचारावं. आणि दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कारण चहावाल्याकडे क्यूआर कोड असतो, सुटे नसतात.

मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो वेधशाळेला, आणि तिथेच पाहुण्यांच्या यादीत अर्धा तास लिहिलेला असतो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही जागा. इंग्रज वकिलाच्या लवाजम्याबरोबर १७९०च्या दशकात, महादजींच्या काळात, विल्यम हंटर इथे आला होता. जयसिंगांच्या एका पंडिताचा नातू त्याला भेटला आणि त्या गृहस्थाच्या विद्वत्तेबद्दल त्याने आदराने लिहून ठेवलं. पुढे १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी इथला कारभार पाहिला. सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचून दाखवली की पाहुणे मनगटाकडे बघतात आणि यंत्र चुकलं म्हणतात. यंत्र बरोबर असतं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे, उज्जैन ७५.७७वर, फरक सुमारे सत्तावीस मिनिटांचा. सूर्याच्या गतीची थोडी दुरुस्ती वेगळी. भारतीय ज्योतिषाने ज्या गावाच्या रेखांशावरून काळ मोजला, त्याच गावात सरकारी दुपार अर्धा तास लवकर होते. फेब्रुवारी २०२४पासून जवळच विक्रमादित्य वैदिक घड्याळही उभं आहे, सूर्योदय ते सूर्योदय तीस मुहूर्त दाखवणारं. तिथे फोटो काढून निघून जायचं नसेल तर सम्राट यंत्रापाशी उन्हात वीस मिनिटं थांबा, सावली डोळ्यांदेखत सरकते.

हल्ली सगळे विचारतात ते सिंहस्थाचं. गुरू सिंहेत असताना नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ सूर्यही सिंहेत आल्यावर भरतो, म्हणजे २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसात. उज्जैनचा सूर्य मेषेत आल्यावर, म्हणजे २०२८च्या चैत्र-वैशाखात, चाळीस अंशांच्या उन्हात. दोन्ही करणाऱ्याने एकाला छत्री आणि दुसऱ्याला पाण्याची बाटली घ्यावी. आखाडे आणि साधू बघायचे असतील तर मुख्य स्नानाचा दिवस टाळून मधल्या दिवसांत यावं. स्नानाच्या दिवशी घाटापर्यंत पोचताच येत नाही, आणि मधल्या दिवशी साधू स्वतः बोलवून चहा पाजतात. ज्यांना उज्जैन बघायचं आहे त्यांना मी मार्गशीर्षाच्या तिथी कळवते, सोमवार आणि एकादशी सोडून.