दहावीची तुकडी की पाचवीची?

वाचकहो, दिवाळी जवळ आली की साठी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर एक निरोप येतो. माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा, अमुक तारीख, वर्गणी इतकी, टी-शर्टचे माप कळवावे. तो वाचून आपण आधी आरशात पाहतो, मग गुडघ्यावर हात ठेवतो, आणि उत्तर लिहायचे राहून जाते. मला हा निरोप तीनदा आला. पहिल्या दोन वेळा मी गेले नाही. एकदा नातीची परीक्षा पुढे केली, एकदा सर्दी. खरे कारण माझे कान होते.

आमची शाळा आरमोरी भागातली. आम्ही शिकत होतो तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि वैनगंगेपलीकडच्या आमच्या गावांचा पत्ता बदलला. तोवर लग्न होऊन मी चंद्रपूरला आले होते. माझे नावही बदलले होते. वर्गातल्या मुली शोधणे मुलांपेक्षा अवघड जाते ते यामुळेच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे.

वाढत्या वयातल्या बहिरेपणाची एक खोड आहे. तो आवाज सरसकट कमी करीत नाही; ‘स’, ‘फ’ यांसारखी उंच पट्टीची व्यंजने आधी पळवतो. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. गोंगाटात तर सारेच विरघळते. चुकीच्या जागी हसण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असे मला वाटू लागले होते. आपल्यापैकी कितीजण असे घरी बसले असतील, याचा विचार माझ्या मनात बरेच उशिरा आला.

या घरी बसण्याची किंमत लहान नसते. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला कारणीभूत ठरणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली. तीत कमी ऐकू येणे आहे आणि समाजापासून तुटणेही आहे. मी दोन्ही एकदमच जोपासत होते. मात्र या आकड्यांचा अर्थ प्रत्येक मेळाव्याला गेलेच पाहिजे असा नाही. आमच्या वर्गातला एकजण कधीच येत नाही. शाळा म्हटली की त्याला छडी आणि लागलेले टोपणनाव एवढेच आठवते. त्याला मी आग्रह करीत नाही, आणि कोणी करू नये.

माझा निर्णय वेगळ्याच वाटेने झाला. तिसरा निरोप आला तेव्हा मी स्वतःला विचारले, या सगळ्यांत मला भेटायचे आहे ते नेमके कोणाला? एकच चेहरा डोळ्यांसमोर आला. पाचवीपासून माझ्या शेजारी बसणारी, माझी गणिते सोडवून देणारी मैत्रीण. १९७६ च्या पावसाळ्यात, नववीत, रोवणीच्या दिवसांत ती घरी राहिली ती परत आलीच नाही. पुढल्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले.

माहेरच्या भाच्याने तिचा नंबर मिळवून दिला. मी मेळाव्याचे सांगितले, तर ती म्हणाली, “ते दहावी पास झालेल्यांचं हाय ना वो. माझं नाव कुठं राहते त्या यादीत?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. मी संयोजकाला फोन केला. “भाऊ, नापास झालेले, शाळा सुटलेले आपले वर्गमित्र नव्हते का?” तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.” दोन दिवसांनी गटाचे नाव बदलले होते. ‘दहावी १९७८’ पुसून ‘पाचवी १९७२’ झाले होते. वर्गणी ऐच्छिक झाली आणि टी-शर्ट रद्द. (त्या टी-शर्टांचे मला मुळीच दुःख नाही.) जुन्या यादीत ३१ नावे होती, नव्या यादीत ५८ भरली. त्यांतली काही नावांपुरतीच उरली होती.

जाण्यापूर्वी कान तपासून घेतले आणि श्रवणयंत्र बसवले. आपणही हे करणार असाल, तर मेळाव्याच्या आदल्या दिवशी करू नका. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली करीत मी पोहोचले. भिंतीला पाठ लागेल आणि बोलणाऱ्यांचे चेहरे दिसतील अशी खुर्ची धरली. मोठ्या कर्ण्यांवरची गाणी बंद करायला सांगितले, तर आणखी तिघांनी माझे आभार मानले. त्यांच्याही कानांची गत माझ्यासारखीच होती.

ती दुपारी आली, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. दारात थबकली. मी उठून हाक मारली. ती काही बोलली ते मला कळले नाही, तेव्हा तिने भर सभेत मोठ्याने विचारले, “तुले ऐकू येत नाही काय वो?” सगळे वळून पाहू लागले. मी केस मागे सारून यंत्र दाखवले. तिने ते बोटाने हळूच चाचपून पाहिले. “माझ्या सासूले पाहिजे होतं हे,” ती म्हणाली. मग आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि व्यासपीठावरची भाषणे मी ऐकलीच नाहीत.

तीन वाजता ती निघाली. बांधीत कापलेले धान पडले होते आणि आभाळ भरून येत होते. फाटकापर्यंत पोहोचवायला म्हणून निघालेली मी तिच्या गावापर्यंत गेले, कोणाची तरी गाडी घेऊन. अंधार पडेपर्यंत घरची माणसे धानाचे भारे खळ्यावर आणत होती आणि आम्ही दोघी त्यांवर ताडपत्री ओढत होतो. समूहाचे छायाचित्र चार वाजता काढले गेले. त्यात आम्ही दोघीही नाही.