नोंदवहीतील पूर्वज

घराण्याचे मूळ शोधणाऱ्याने प्रथम गावाचे मूळ शोधावे, असे जाणते लोक सांगतात. निलंग्याच्या माणसाची पंचाईत येथूनच सुरू होते. आमचे पणजोबा निलंग्यात जन्मले व तेथेच मातीआड झाले. परंतु त्यांचा तालुका मात्र एका राज्यात राहिला नाही. 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला (आजच्या धाराशिवला) जोडले गेले. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा. त्यामुळे एकाच घराच्या कागदांसाठी चार शहरांची वाट धरावी लागते. जुने दप्तर उर्दूत, त्यावरील साल फसली. हैदराबादच्या फसली सनात 590 मिळविले की इसवी सन येतो, हे गणितही शिकावे लागते.

ते शिकूनही आमच्या हाती काही लागले नाही. महसुली दप्तर जमिनीचे असते. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याचे नाव त्यात कोठून येणार? आमचे पूर्वज दुसऱ्याच्या शेतात राबणारे.

आमची पणजी सापडली ती बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. आजोबांच्या नावासमोर पित्याचे नाव, मातेचे नाव, धर्ममातापित्यांची नावे व धर्मगुरूंची सही. घरात सारे तिला ‘म्हातारी आई’ म्हणत; तिचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते त्या एका ओळीत शाबूत होते.

ख्रिस्तसभेची ही शिस्त जुनी आहे. 1563 मध्ये ट्रेंट धर्मपरिषदेने विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा दंडक धर्मग्रामांस घालून दिला. 1908 पासून असाही नियम झाला की, माणसाचा विवाह कोठेही होवो, त्याची वार्ता त्याच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास कळवावी व मूळ नोंदीत लिहावी. या नियमानेच आजोबांचे धाकटे बंधू आम्हांस परत मिळाले. 1972 च्या दुष्काळात ते मुंबईकडे गेले, एवढेच घरात माहीत होते. त्यांच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत मुंबईतील एका चर्चमधील विवाहाची तारीख होती. त्या धाग्याने त्यांची मुले-नातवंडे सापडली.

कशाला जुने उकरायचे, असे काही मंडळी म्हणतात. त्यांचा संकोच समजतो. जुन्या दप्तरात गरिबाच्या नावापुढे जातीचा शब्द असतो आणि तो वाचताना मान खाली जाते. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील वंशावळ पाहावी. तेथे दावीद राजा आहे, तशीच राहाब आहे, आणि मवाबातून आलेली परकी रूथही आहे. रूथच्या सासरची माणसे दुष्काळामुळेच बेथलेहेम सोडून गेली होती. प्रभूच्या वंशावळीत असे पूर्वज लपविलेले नाहीत. आपण का लपवावेत?

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरातील घरे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर पेट्यांतील कागदही मातीत गेले. उरलेल्या नोंदवह्यांना वाळवी लागण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. आणि प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या आईचे व आजीचे नाव विचारून लिहून घ्यावे. ते सांगणारे माणूस आज आहे. उद्या असेलच असे नाही.