सोयाबीनचं तोरण होत नाही

सजावटीचं सामान म्हणून काही वेगळं असतं, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळलं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घनसावंगीच्या घरात जे काही नटायचं ते रानातून नाहीतर सरपणाच्या ढिगातून आलेलं असायचं. दुकानातून काय, तर पतंगी कागदाचे चार ताव, सुतळीचा तोडा आणि मोरचुदाची पुडी. तेवढ्यात चुलत, आत्ये, मामे अशा सगळ्या लेकरांचं भागायचं. १९८१च्या १ मेला जालना जिल्हा झाला, त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतली ही गोष्ट. कुणा एकाची नाही, एका ओसरीवर वाढलेल्या आम्हा सगळ्यांची.

भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या. मुखवटे पितळी, धड म्हणून कापडी कोथळे, आत ज्वारी भरलेली. त्यांच्या लेकरांसाठी, म्हणजे पिलवंडांसाठी, मात्र बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या असायच्या. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढली आणि संकरित बियाणं आमच्याकडे घरचं झालं. त्याची पिशवी जाड, चांगल्या विणीची. बियाण्याला औषध लावलेलं असतं म्हणून मोठी आई ती तीनदा उकळत्या पाण्यातून काढायची, उन्हात टाकायची, मग आत सरकी भरून तोंड शिवायची. वरून जुन्या इरकलीचा तुकडा नेसवला की पिलवंडाच्या पाठीवरची छापील अक्षरं झाकून जायची. ती कुठवर वाचता येतात यावर आमच्या पैजा लागत.

खरं काम फुलोऱ्याचं. माळवदाच्या सरीला कामट्यांची चौकट टांगायची आणि तिला तळलेले दागिने बांधायचे: करंज्या, पापड्या, साटोऱ्या, वेणी, फणी, करंडा. फणी करणं सोपं नव्हतं. कणीक घट्ट मळून लांबट चौकोन लाटायचा, कातण्यानं एका बाजूला दाते पाडायचे आणि वरच्या कडेला लिंबाची काडी टोचायची. ती काडी तशीच ठेवून फणी कढईत सोडायची. काढून घेतली तर कणीक फुगते आणि भोक बुजतं. तळल्यावर टोचू गेलं तर फणी तडकते. थोरल्या काकूचा हात असा बसलेला, की तिच्या फणीचा एक दाता कधी वाकडा झाला नाही. आम्ही खाली बसून कुठला दोरा सुटतोय ते बघायचो. दोरा सुटला की दागिना ज्याच्या पुढ्यात पडेल त्याचा, पण विसर्जनाआधी तोंडात टाकला तर पाठीत धपाटा. “कामून रे, देवीच्या आधी तुला भूक लागली का?” हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकावं लागलेलं आहे.

घटाच्या दिवसांत काम लेकरांकडे. रोज एक माळ, ती तरवडाच्या पिवळ्या फुलांची. कुणी कारळाची फुलं ओवायचं, झेंडू शेवटच्या माळांना राखून ठेवायचा. अंबडच्या मत्स्योदरीच्या यात्रेला निघालेली माणसंही वाटेवरचा तरवड ओरबाडत जात, म्हणून उजाडायच्या आत माळावर पोचावं लागे. दसऱ्याला दारावर तोरण: आंब्याची पानं, झेंडू आणि मधे मधे ज्वारी-बाजरीची नवी कणसं. संकरित ज्वारीचं कणीस गच्च, आखूड, दोरीला नीट बसणारं. आजोबांना ते पटायचं नाही. गावरान ज्वारीचं धाट पुरुषभर उंच, त्याचं कणीस दाराला लोंबलं की घर भरल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. बैलाच्या कडब्याचं दुःख ते तोरणाच्या नावानं काढत होते, हे आम्हाला पुढे कळलं.

सगळंच गोड होतं असंही नाही. बाहत्तरच्या दुष्काळात दाराला लावायला कणीस नव्हतं, लिंबाचा डहाळा बांधला होता, असं थोरली आक्का अजून सांगते. आणि हे सगळं करायच्या त्या बायका दिवसभर मुगाच्या शेंगा तोडून, खुरपून आलेल्या असायच्या. पुरुषांनी दिवाळीचा कंदील सोडला तर कशाला हात लावल्याचं कुणाला आठवत नाही.

कंदील मात्र दादाचा. बुरूड आळीतून कामट्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर गेल्या सालच्या तुराट्या सरपणातून ओढायच्या, सरळ तेवढ्या निवडून. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, तीत चिमूटभर मोरचूद. नाहीतर रातोरात झुरळं कंदील खाऊन टाकत. आत पणती. वारा सुटला की कागद पेटायचा आणि दादा पुन्हा पहिल्यापासून. त्याला कुणी हसायचं नाही, कारण पुढचा कंदील बनवायला तोच लागणार होता.

अंगणात शेणाच्या गवळणी. कुणी घुसळतेय, कुणाच्या डोक्यावर घागरी, मधे कृष्ण. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, अंगावर झेंडूच्या पाकळ्या, डोक्यावर कापसाचं बोंड उकलून केलेला पदर. कपाशीच्या पहिल्या वेचणीतलं पांढरंशुभ्र बोंड गवळणीला द्यायला आजोबा कुरकुरत, पण द्यायचे. पाडवा झाला की गवळणी वाळवून ठेवायच्या आणि पुढे रथसप्तमीला त्यांच्यावर दूध उतू घालायचं.

मग हे गेलं कुठे? हात विसरले म्हणून गेलं, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आधी सामान गेलं, हात मागून गेले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. २००२ नंतर बीटी कपाशी आली, मग सोयाबीन. ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर कणीस गेलं, कडबा गेला, कडब्यासाठीचे बैल गेले, बैल गेल्यावर शेणही मोजकं झालं. उसाचं पाचट नुसतं हात कापतं. सोयाबीनच्या शेंगा वाळल्या की तडतडून फुटतात; त्यांचं तोरण करायला गेलेल्या धाकट्या वहिनीच्या दारात दुसऱ्या दिवशी निव्वळ दोरी आणि खाली दाण्यांवर कोंबड्या. पैसा मात्र त्याच पिकांनी दिला, आमच्या फिया त्यातूनच भरल्या गेल्या. तेव्हा त्यांना नावं ठेवायला तोंड नाही. रिकाम्या जागेत थर्मोकोल आला, आणि २०१८च्या राज्यातल्या बंदीनंतर थर्मोकोलच्या मखरांची जागा कापडी पडद्यांनी आणि कागदी फुलांनी घेतली.

आता आम्ही पुणे, संभाजीनगर असे पांगलो. शहरात घटाची काळी माती पुड्यात बांधून मिळते, सोबत पाच धान्यं आणि पत्रावळ. चुलतबहिणीनं एकदा ती विकत आणली आणि फोनवर बोलता बोलता काकूला सांगून बसली. तेव्हापासून काकू नवरात्राच्या आधी एसटीच्या कंडक्टरच्या हाती माती धाडते. घटाला लागते दोन ओंजळी. ती पाठवते युरियाच्या पोत्यात, अर्धं पोतं भरून. बहिणीच्या गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या आता घनसावंगीच्या मातीच्या आहेत आणि उरलेल्या पोत्याचं काय करायचं यावर घरात दरवर्षी वाद होतो.