खिडकीचे माप

आमच्या राहात्याच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात तीन काळांचे खेळण्यातले ठोकळे एकत्र नांदतात: कुवेतला नोकरीस असलेल्या आमच्या धाकट्या भावाने 1985 साली आणलेले लेगोचे, आठवडे बाजारातून घेतलेले बिननावाचे, आणि नातीला अलीकडे भेट मिळालेले पुन्हा लेगोचेच. भाऊ आता हयात नाही. त्यामुळे त्याच्या ठोकळ्यांतील चार खिडक्यांना आमच्याकडे जरा अधिकच मान.

यंदाच्या सुट्टीत नातीने घर बांधावयास घेतले. भिंती भराभर उठल्या. जुना ठोकळा नव्यावर चपखल बसला आणि त्यात नवल नाही. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने 1932 साली हा कारखाना काढला. ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या घालण्याच्या युक्तीचा पेटंट-अर्ज 28 जानेवारी 1958 रोजी झाला. तेव्हापासून दोन गुंड्यांच्या मध्यांतील अंतर 8 मिलिमीटर, हे माप ढळलेले नाही.

अडले ते खिडकीपाशी. चौकट भिंतीत बसते, कारण तिला गुंड्यांशीच काम असते. काच किंवा झडप मात्र चौकटीच्या आतील खाचेवर अवलंबून, आणि ती खाच वेळोवेळी बदलत आली. 1949 च्या पहिल्या ठोकळ्यांना तर कडेला चिरा असत, खिडकी त्यांत सरकवावी लागे. चिरा गेल्या आणि त्या खिडक्या निराधार झाल्या. भावाच्या एका चौकटीची झडप कधीचीच हरवली आहे. नव्या खिडकीची काच तीत टेकली, पण धरेना. बाजारची झडप शिरली खरी, परंतु फुंकर मारताच गळून पडली.

आमचा मुलगा कानस घेऊन आला. गावात सुतार जुन्या चौकटीला नवी झडप रंधा मारूनच बसवतो, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण लाकडाची झडप त्या एकाच चौकटीसाठी घडते. ठोकळ्याचे तसे नाही. एकदा घासला की तो आपल्या भावंडांतही परका होतो. आणि घासायचे ते कोणते? भावाची चौकट? आम्ही कानस मागितली आणि कपाटात ठेवून दिली.

दर्शनी भिंतीत नवी खिडकी काचेसह बसली. भावाची चौकट नातीने मागच्या भिंतीत उघडीच लावली.

“आजोबा, इथे स्वयंपाकघर आहे,” ती म्हणाली, “धूर जायला नको का?”