टपावरची कुंभारीण

धानोऱ्यात मे महिन्यात गाडीच्या टपावर माणूस दिसला की तो सामान आवळत असणार, असं धरून चालायचं. त्या दुपारी मुरुमगावच्या रस्त्याला लागलेल्या एका लांबड्या पांढऱ्या गाडीवर मात्र एक जण ओलं गोणपाट टाकून उकिडवा बसला होता आणि दात घासायच्या ब्रशनं कसलीशी माती उकरत होता. पत्र्याला नुसता हात लागला तरी फोड यावा, असं ऊन.

गाडी एमएच 12, म्हणजे पुण्याची. आत पलंग, ओटा, मोरी, सगळा संसार. डोक्यावर एसीचं खोकं. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, पण असा फिरता संसार इकडे आला तर ताडोब्यापर्यंत. धानोऱ्यात तो बघायला पोरं जमतात. मालक सावलीत उभे राहून खालूनच सांगत होते, "गॅस गेला असणार. गॅस भरून टाका."

"गॅस कुठं जाते जी?" वरून उत्तर आलं. "कुंभारणीनं घर केलं इथं."

आणि त्यानं तळहातावर घेऊन दाखवलं. कुंभारीण माशीनं बांधलेली मातीची बोटभर कोठी, तिरकी फुटलेली. आत पिल्लांच्या शिदोरीला ठेवलेल्या अळ्या वाळून गेलेल्या. अशा कोठ्या कंडेन्सरच्या जाळीवर ओळीनं. उरलेल्या फटींत रस्त्याची लाल धूळ आणि वाळका पाला.

एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकायची जागाच लिंपली गेली तर उचललेलं ओझं डोक्यावरच राहतं, दाब वाढतो, कॉम्प्रेसर घुमतो आणि ट्रिप होतो. गॅस तर बंद नळीत फिरत असतो. गळती नसेल तर वर्षानुवर्षं तितकाच. टपावरच्या बऱ्याच यंत्रांना तो भरायचं तोंडसुद्धा ठेवलेलं नसतं. तरी गार होईना म्हटलं की आपल्याकडे पहिला निकाल गॅसच्या विरोधात लागतो. गॅस दिसत नाही, बोलत नाही. आरोपी म्हणून सोयीचा.

त्यात हे यंत्र एका दमात साधारण 9 ते 12 अंशच उतरवतं. आत शिरणारी हवा 42 अंशांची असली तर बाहेर पडते ती तिशीतली. ती पुन्हा आत जाते, पुन्हा उतरते. उन्हात तापलेल्या गाडीला थोडा वेळ द्यावा लागतो. शिवाय गावातल्या जोडणीवर व्होल्टेज दुपारी खाली बसलं की कॉम्प्रेसर नुसताच हुंकारतो, आणि अशा वेळी त्याला पुन्हा पुन्हा चालू करणं म्हणजे कपॅसिटरचा जीव घेणं. टपावरच्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल असं वाटलं नाही. त्याचा खरा धंदा कूलरचा.

कूलरचं नाव निघालं की विदर्भातल्या माणसाला थांबवू नये. आमच्याकडे होळी झाली की अडगळीतून कूलर निघायचा. लोखंडी, चौकोनी, बुडाला डांबर फासलेला. वडील जुन्या ताट्या उपसायचे. त्या वर्षभरात क्षारानं पांढऱ्या आणि कडक झालेल्या. नव्या वाळ्याच्या ताट्या बसल्या की पहिल्या पाण्याला जो वास सुटायचा, त्यापुढे मला अत्तरंबित्तरं काही वाटत नाहीत. पंप मात्र हमखास रुसायचा. मग त्याचं पातं काडीनं फिरवून द्यायचं, नळीत तोंडानं फुंकायचं, वरच्या पन्हळीची भोकं सुईनं मोकळी करायची. एखादं बुजलेलं राहिलं की ताटीचा तेवढा पट्टा कोरडा आणि तिथून गरम झळ. हे सगळं चपला घालून. ओल्या जमिनीवर अनवाणी कूलरला हात लावला की आजीचा आवाज घरभर घुमायचा. ती उगाच ओरडत नसे. अर्थिंग नसलेल्या कूलरनं इकडे दर उन्हाळ्यात माणसं जातात.

आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीची नावं रोज तापमानाच्या यादीत वर झळकत असताना ही लोखंडी पेटी निभावून न्यायची. 45 अंशांना हवेत 15 टक्के ओल असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला पारा 24 च्या आसपास उतरतो. ताटी नीट भिजलेली असेल तर कूलर त्याच्या बराच जवळ जातो. हवा कोरडी, हीच आमची श्रीमंती. रोहिणीत ढग आले, हवा दमट झाली की तोच कूलर अंग चिकट करून सोडतो. एसी तिथं जिंकतो, हे मान्य करायलाच हवं. विलिस कॅरियरनं 1902 मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी त्याची मांडणी केली तीही दमटपणानं कागद फुगतो, रंगाची छपाई सरकते म्हणून. माणसांचा घाम त्या मांडणीच्या हिशेबात नव्हता.

तरी मला विचाराल तर दोन्हींहून बरा अंगणातला मांडव. बांबूची चौकट, वर जांभळाच्या डहाळ्या. धानोरा तालुक्यात बांबूला काय तोटा! मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा हक्क मिळवला, त्या गावाकडे मी या मांडवांसाठीही आदरानं बघतो. मांडव आपली उष्णता शेजाऱ्याच्या अंगावर फेकत नाही. त्या पांढऱ्या गाडीचा एसी सुरू झाला तेव्हा टपावरून गरम झोत सुटला आणि वरचा माणूस गोणपाट घेऊन घाईनं खाली उतरला. मालकांनी काच वर केली होती.

मृग लागला की कूलर पुन्हा भिंतीला. त्याची टाकी कोरडी करून आई त्यात कांदे ठेवायची. एका वर्षी कांदे संपल्यावर तिथं मांजर व्याली. होळी आली, गेली, उन्हाचा कडाका पडला, पण आजीनं ताट्यांना हात लावू दिला नाही. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत वडील अंगणात झोपले आणि रोज सकाळी मांजरीच्या नावानं खडे फोडत उठले.