थेंब मोजण्याचे काम

बरेच दिवस इकडे फिरकणे झाले नाही. कारण सांगितले तर हसाल. आमच्या मेहकरच्या घरात समुद्र आला आहे. चार फुटी काचेच्या टाकीतला का होईना, पण खारट समुद्र! हौस पुतण्याची, पण तो दिवसभर दुकानात, म्हणून देखरेख माझ्याकडे. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. 'परासरण' या शब्दाशी ओळख व्हायला सत्तरी ओलांडावी लागली.

आमचा दूधवाला टाकी बघून म्हणाला, "काऊन बाई, लोनार इतकं जवळ हाय, दोन कॅना पानी आनलं की झालं!" सूचना चुकीची, पण प्रश्न विचार करण्यासारखा. लोणारचे पाणी खारे असले तरी त्यात सोड्याचा अंश फार. त्याचा पीएच दहाच्या आसपास, तर समुद्राचा आठाच्या थोडा वर. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते आठवते ना? ती करामत खारेपणात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्यांना जे मानवते ते समुद्रातल्या कोळंबीला कुठले मानवायला! स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात विकतचे समुद्री मीठ कालवावे लागते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम.

तर गेल्या महिन्यात मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल आले. थर्माकोलच्या खोक्यात पिशव्या, पिशव्यांत दोन लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या आणि चार गोगलगायी. चौदा तासांचा प्रवास! पुतण्याला दुकान उघडायचे होते. "काकू, तुम्ही बसाल ना जवळ?" म्हणाला. बसले.

माशाचे शरीर आपल्या रक्तातले मीठ आपणच सांभाळते. या बिनकण्याच्या समुद्री जीवांना बहुधा ते जमत नाही. बाहेर जेवढे मीठ तेवढेच आत. बाहेरचे एकदम बदलले की पेशींत पाणी शिरते किंवा निघून जाते, आणि जीव दगावतो. पिशवीतले पाणी मोजले तर १.०२१, टाकीतले १.०२५. आकड्यात फरक क्षुल्लक दिसतो, कोळंबीला तो क्षुल्लक नाही.

आधी बंद पिशव्या वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवल्या, तापमान जुळावे म्हणून. मग पाण्यासकट बादलीत. टाकीतून बारीक नळी सोडून तिला गाठ मारली, सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील इतपत. पाणी दुप्पट झाले की निम्मे काढायचे, पुन्हा थेंब. सलाइन लावलेल्या पेशंटजवळ बसावे तसे दोन तास गेले. खोलीतला दिवाही मंद केला होता.

यातली खरी गोम मात्र पिशवीत असते. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लाकडे झुकते, त्यामुळे त्यांच्याच मलमूत्रातला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे घाई केली तर मिठाचा धक्का, रेंगाळलो तर अमोनिया! म्हणून बादलीत अमोनियावरचे औषध आधीच टाकून ठेवले होते. आणि शेवटी जीव तेवढे उचलायचे, बादलीतले पाणी टाकीत ओतायचे नाही.

एक कोळंबी तासभर आडवी पडून होती. जीव टांगणीला लागला. पाय हलत होते एवढाच धीर. टाकीत सोडल्यावर ती दगडाखाली गेली ती दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या सकाळी सूनबाईने हाक मारली, "काकू, गेली हो बिचारी!" वाळूवर लाल-पांढरे शरीर पडले होते. जवळून बघते तर नुसते रिकामे कवच! कात टाकून बाईसाहेब मागे मिशा हलवत उभ्या. घरात त्या दिवशी शिरा झाला.

आता पुतण्याला तारामासा हवा आहे. माझा विरोध आहे. तारामाशाला याहून हळू सवय लावावी लागते, चार तासही कमी पडतात, हवेत उचललेला चालत नाही. आणि एवढे करूनही नव्या टाकीत पुरेसे खाणे न मिळून तो महिनोन् महिने झिजत मरतो. बहुतेक तारामासे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि खडक रचणारी प्रवाळे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यांचे नावही काढायचे नाही हे आधीच ठरले आहे. कायदा तारामाशाला आडवा येत नसेल, काकू येते.

"टाकीला वर्ष होऊ दे, मग बोलू," असे सांगून ठेवले आहे. मध्ये आमचा मे महिना आहे, वर लाईट जाण्याचा भरवसा नाही. कोळंबीला पाणी सव्वीस अंशांच्या आसपास लागते. इन्व्हर्टरची चौकशी सुरू आहे.